मधल्या फ्रेम्स

"बघा, तो मान वळवूनसुद्धा बघत नाही," इंजिनिअर साहेब मॉनिटरवर बोट टेकवून म्हणाले. "पायऱ्यांपाशी येतो. मुलगी तिथे बसलेली आहे. आणि हा सरळ पुढे चाकाकडे जातो. आता आणखी काय पाहिजे?"

मॉनिटरवर एक माणूस कालव्याच्या बांधावरून चालला होता. खाकी अर्धी चड्डी, खांद्यावर टॉवेल. बांधाच्या खाली दगडी पायऱ्या आणि शेवटच्या पायरीवर लाल दावणीतली, म्हणजे अर्ध्या साडीतली, एक मुलगी, आपल्याकडे पाठ करून बसलेली. माणूस चाकापाशी पोचला. चाक फिरलं, लोखंडी दार वर सरकलं, निळा रंग पसरत पायऱ्यांवर आला. मुलगी त्या निळ्यात सरकत गेली आणि दिसेनाशी झाली. मग चित्र थांबलं.

"पुन्हा लावा," साहेब म्हणाले.

मी एंटर दाबलं. माणूस पुन्हा चालू लागला. पायऱ्यांवरून पुढे गेला. या वेळीही त्याने मान वळवली नाही.

आमचे मालक नटराजन सार, म्हणजे सर, माझ्या मागे उभे होते. ते खूश होते, हे मला न बघताही कळत होतं. माझ्या शेजारच्या खुर्चीवर अंबुजाबाई बसल्या होत्या. तो माणूस, ती मुलगी, त्या पायऱ्या, सगळं त्यांनीच काढलेलं. त्या मॉनिटरकडे बघत नव्हत्या. कीबोर्डकडे बघत होत्या.

ही गोष्ट तंजावूरची आहे, नव्वदच्या दशकाच्या पहिल्या काही वर्षांतली. देशाची दारं उघडली, असं पेपरात रोज यायचं. आमच्या गावात ती उघडल्याची खूण म्हणजे गल्लोगल्ली निघालेली कॉम्प्युटर सेंटरं. आमचं सेंटर एका भांड्यांच्या दुकानाच्या माडीवर होतं. मी तिथे शिकवायचे. आमचं घराणं तंजावूरच्या मराठी लोकांपैकी. पिढ्यान्पिढ्या तिथलेच. घरात आमची जुनी मराठी, बाहेर तमिळ, ऑफिसात इंग्लिश. देवनागरी मला येत नव्हती. ती लग्नानंतर पुण्याला आल्यावर शिकले, म्हणून आज हे लिहू शकते.

नटराजन सारांनी तेव्हा एक नवीन पॅकेज आणलं होतं. ॲनिमेशनचं, म्हणजे चित्रं हलवण्याचं. त्याआधी स्क्रीनवर साधा चेंडू हलवायचा तरी मला प्रोग्रॅम लिहावा लागे. चेंडू कुठे आहे, किती सरकणार, भिंतीला लागला तर काय, सगळं ओळीओळीने. ज्याला प्रोग्रॅमिंग येत नाही त्याने चेंडू हलवायचा विचारसुद्धा करायचा नाही. या पॅकेजमध्ये एक ओळही लिहायची नव्हती. मेनू उघडायचा, माउसने चित्र काढायचं, आणि ते चित्र पहिल्या फ्रेममध्ये कुठे आहे आणि शेवटच्या फ्रेममध्ये कुठे, एवढंच दाखवायचं. फ्रेम म्हणजे फिल्मचं एक स्थिर चित्र. तुम्ही ठरवून दिलेली ती की-फ्रेम. मग मेनूत 'इन-बिट्वीन' निवडायचं. मधल्या सगळ्या फ्रेम्स मशीन स्वतः भरून काढतं.

शिकवताना मी कोलमचं उदाहरण द्यायचे. आमच्याकडे बायका सकाळी दारात ठिपके देतात आणि ठिपक्यांमधून रेघ फिरवतात. इथे ठिपके तुम्ही द्यायचे, रेघ मशीन ओढतं. हे सगळ्यांना लगेच समजे.

माझ्या क्लासला फोटो स्टुडिओवाले येत. लग्नाच्या व्हिडिओ कॅसेटच्या सुरुवातीला कमळ उमलतं आणि त्यातून नवरा-नवरीची नावं बाहेर येतात, ते त्यांना शिकायचं असे. अंबुजाबाई त्यांच्यातल्या नव्हत्या. त्या मुलींच्या शाळेत ड्रॉइंग टीचर होत्या. पन्नाशीला आलेल्या, आमच्यासारख्याच मराठी. पहिल्या दिवशी माउस हातात धरून म्हणाल्या, "पद्मिनी, हे साबणाच्या वडीनं चित्र काढल्यासारखं आहे गे." महिनाभरात त्या साबणाच्या वडीने त्यांनी उडता बगळा काढला. सारांनी त्यांना संध्याकाळच्या कामावर ठेवून घेतलं.

असंच एक कमळ पाटबंधारे खात्याच्या इंजिनिअर साहेबांनी त्यांच्या भाचीच्या लग्नाच्या कॅसेटमध्ये पाहिलं. आणि त्यांना वाटलं की चौकशीसाठी असं काही करता येईल.

चौकशी एका मृत्यूची होती. तिरुवैयारूच्या पलीकडे एका खेड्यात कालव्याला फाटा फुटतो. फाट्याच्या तोंडाशी लोखंडी दार असतं आणि ते चाक फिरवून वरखाली करायला खात्याचा माणूस असतो. आमच्याकडे त्याला लस्कर म्हणतात. मेट्टूर धरणाचं पाणी सुटलं की भाताच्या रोपांसाठी पाळीपाळीने फाटे उघडतात. त्या दिवशी फाट्याचं दार उघडलं, आणि दाराच्या खालच्या बाजूला पायऱ्यांवर असलेली सेल्वी नावाची मुलगी वाहून गेली. कॉलेजात जाणारी मुलगी. लस्कराचं नाव मारिमुत्तू. त्याचं म्हणणं होतं की दार उघडण्याआधी तो रोजच्यासारखा पायऱ्यांच्या टोकाशी गेला, खाली बघितलं, हाक दिली, कोणी नव्हतं, मगच चाकाला हात लावला. गावाचं म्हणणं होतं की त्याने बघितलंच नाही.

इंजिनिअर साहेबांनी आम्हाला जागेचा नकाशा दिला आणि साक्षीदारांनी काय पाहिलं ते समोर बसून सांगितलं. चहावाल्याने मारिमुत्तूला शेडमधून बाहेर पडताना पाहिलं. चाऱ्याचा भारा घेऊन जाणाऱ्या एका बाईने सेल्वीला पायरीवर बसलेलं पाहिलं. पलीकडच्या बांधावरून सायकलने जाणाऱ्याने मारिमुत्तूला चाक फिरवताना पाहिलं, पाठमोरा. आणि आरडाओरडा ऐकून धावलेल्यांनी त्याला छातीभर पाण्यात ओरडताना पाहिलं.

लोकांनी पाहिलेल्या चार जागा. त्या आमच्या की-फ्रेम्स झाल्या. मी इन-बिट्वीन निवडलं. मशीनने बाकीचं भरून काढलं.

साहेब कपटी माणूस नव्हते. हे मी मुद्दाम सांगते. ती मुलगी गेल्यापासून तिचे वडील रोज सकाळी त्यांच्या ऑफिसच्या पायरीवर येऊन बसत. काही मागत नसत. कसं झालं, एवढंच विचारत. साहेबांना त्यांना उत्तर द्यायचं होतं. फिल्म पाहिल्यावर त्यांना वाटलं, उत्तर मिळालं.

म्हणूनच दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते त्यांना घेऊन आमच्या माडीवर आले.

कलियपेरुमाळ गावात शिंप्याचं काम करायचे. किडकिडीत माणूस. शर्टाच्या खिशाला दोरा ओवलेली सुई तशीच टोचलेली होती. चपला त्यांनी जिन्याखालीच काढून ठेवल्या. एसीच्या खोलीत येताना हात छातीशी धरले. साहेब त्यांना तमिळमध्ये म्हणाले, "बसा. इथे सगळं दिसेल."

मला ते नको होतं. पण साहेब क्लायंट होते आणि सारांनी मान हलवली. मी एंटर दाबलं.

फिल्म संपली. कलियपेरुमाळांनी स्क्रीनवरून डोळे न काढता विचारलं, "परत दिसेल?"

मी परत लावली. त्यांनी पुन्हा पाहिली. मग स्क्रीनजवळ वाकून म्हणाले, "अम्मा, दावणी हिरवी होती. लाल नव्हे. हिरवी, आणि ब्लाउज पिवळा. मीच शिवलेला."

अंबुजाबाईंनी माझ्याकडे बघितलं. मग माउस घेतला, मेनूतून हिरवा रंग उचलला आणि दावणीवर क्लिक केलं. प्रत्येक फ्रेममधली दावणी एकाच वेळी हिरवी झाली. ब्लाउज पिवळा झाला. कलियपेरुमाळांनी काचेला हात लावला. मॉनिटरची काच हाताला चुरचुरते, त्याने ते जरा दचकले, पण हात काढला नाही.

"आता बरोबर आहे," ते म्हणाले. "आता सगळं बरोबर आहे."

साहेब हळू आवाजात म्हणाले, "कॉम्प्युटर खोटं बोलत नाही, अय्या. त्याला कोणाची बाजू नसते."

कलियपेरुमाळांनी मान डोलावली. "तो तिच्याजवळून गेला," ते म्हणाले. "ती बसलेली असताना तिच्याजवळून गेला आणि चाक फिरवलं." आवाजात राग नव्हता. इतके दिवस शोधत असलेली वस्तू हाती लागल्यावर माणूस जसा बोलतो, तसे ते बोलले. मग साहेबांबरोबर जिना उतरून गेले.

सारही खाली त्यांना पोचवायला गेले. खोलीत आम्ही दोघीच उरलो. अंबुजाबाईंनी माउस बाजूला सारला.

"पद्मिनी," त्या म्हणाल्या, "मी दावणीचा रंग बदललें, आणि त्याला सगळंच खरं जालं."

'झालं' आमच्या मराठीत 'जालं'च असतं. त्या घटकेला तो शब्द मला फार जड वाटला.

"हो," मी म्हटलं.

"तू तो माणूस बघ. मी त्याला एका बाजूनंच काढलें. कडेनं. त्याला दुसरं तोंडच नाही गे. तो मान वळवणार कसा?"

मी बघत राहिले. गोष्ट इतकी साधी होती की तोवर कुणाच्या ध्यानातच आली नव्हती. चालणारा माणूस काढताना सगळेच तो कडेने काढतात. पाय हलताना दिसतात, काम सोपं होतं. समोरून बघणारं तोंड हवं असेल तर ते वेगळं काढावं लागतं आणि मशीनला वेगळं द्यावं लागतं. आम्ही दिलं नव्हतं, कारण कुणी मागितलं नव्हतं. शेडपासून चाकापर्यंत मशीनला दोन ठिपके मिळाले. त्याने सर्वांत जवळची, सरळ, एकसारख्या चालीची रेघ ओढली. ती रेघ पायऱ्यांच्या टोकावरून गेली. म्हणून मारिमुत्तू पायऱ्यांपाशी आला, थांबला नाही आणि त्याने बघितलं नाही.

त्याचं न बघणं कोणीही पाहिलेलं नव्हतं. ते आमच्या चित्रातून आलं होतं.

मग मी दुसरी गोष्ट तपासली. सेल्वी पहिल्या फ्रेमपासून पायरीवर होती. असं कोणी सांगितलं होतं? चाऱ्यावाल्या बाईने तिला बसलेलं पाहिलं होतं. कधी पाहिलं, ते तिला सांगता आलं नव्हतं. तिच्याकडे घड्याळ नव्हतं. मारिमुत्तू शेडमधून निघण्याआधी की तो पायऱ्यांवरून पुढे गेल्यानंतर, कोणालाच माहीत नव्हतं. तिला पहिल्या फ्रेममध्ये आम्ही बसवलं होतं, कारण कुठेतरी तर बसवायला हवं होतं.

"मग तो बघितला का नाही?" अंबुजाबाईंनी विचारलं.

"माहीत नाही."

"त्या बापाला माहीत जालं आहे आता," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मी नटराजन सारांच्या केबिनमध्ये गेले. चौकशी दोन दिवसांवर होती.

"सार, फिल्म अशी दाखवता येणार नाही."

"का? बिघडली?"

"बिघडली नाही. तिच्यातलं बरंचसं कोणी पाहिलेलं नाही."

मी सगळं सांगितलं. एका बाजूचं तोंड, सरळ रेघ, पायरीवरची मुलगी. त्यांनी मधे न बोलता ऐकलं. मग म्हणाले, "पद्मिनी, आपण कोर्ट आहोत का?"

"नाही सार."

"आपण कॉम्प्युटर सेंटर आहोत. क्लायंटने चार जागा दिल्या. आपण फिल्म दिली. खरं-खोटं चौकशीवाले बघतील."

"ते बघणार कसं? त्यांना वाटेल कॉम्प्युटरने हिशेब करून काढलंय. साहेबांना वाटलं. त्या वडिलांना वाटलं. इतके दिवस आपणच सगळ्यांना सांगतोय ना, की मशीन चुकत नाही? बाहेरच्या बोर्डवर लिहिलंय आपण."

बोर्डाचं वाक्य त्यांचंच होतं.

"फिल्म परत घेतली तर हे खातं पुन्हा आपल्या दारात येणार नाही," ते म्हणाले. "साहेबांच्या ओळखीने सरकारी शाळांची कामं यायची आहेत."

"परत घेऊ नका. दुसरी एक करू द्या. त्याच चार जागांची. दोन्ही नेऊ."

"दुसरी कशी?"

"तो पायऱ्यांपाशी थांबतो, खाली बघतो, हाक देतो. पायरी रिकामी असते. तो चाकाकडे जातो. मग मुलगी येते."

"म्हणजे त्याला निर्दोष करायचं?"

"नाही सार. ती फिल्मही तितकीच आपण बनवलेली असेल. तेच दाखवायचं आहे."

ते खिडकीतून खाली भांड्यांच्या दुकानाकडे बघत राहिले. शेवटी म्हणाले, "साहेबांची फिल्म आधी लागेल. तू फक्त मशीन चालवायचं. विचारल्याशिवाय एक शब्द बोलायचा नाही."

"आणि विचारलं तर?"

"विचारलं तर खोटं बोल, असं मी कधी सांगितलंय?" त्यांनी समोरचा पेपर उघडला. म्हणजे बोलणं संपलं.

अंबुजाबाई शाळेतून परस्पर आल्या. त्यांनी मारिमुत्तूला दुसरं तोंड काढलं, खाली वाकून बघणारं. हाक देताना तोंडाशी धरलेला हात काढला. सेल्वीला पायऱ्या उतरताना काढलं, दावणी हिरवीच ठेवली. काढताना एकदा त्यांनी हात थांबवला. "हे काढताना मज भीती वाटते आहे," त्या म्हणाल्या. "हेही खरंच दिसतं आहे." खरोखरच तसं दिसत होतं. त्यांचा हात चांगला होता, हीच अडचण होती.

चौकशी तिरुवैयारूला एका सरकारी बंगल्यात होती. आम्ही भाड्याच्या व्हॅनमधून मशीन नेलं. मॉनिटर मी आणि अंबुजाबाईंनी मधे उशी ठेवून दोघींच्या मांडीवर धरला होता. रस्ता खराब, दोन्ही बाजूंना पाण्याने भरलेली भातखाचरं. बंगल्याच्या मोठ्या खोलीत टेबलावर मशीन लावलं. करंट जाईल म्हणून यूपीएस लावला. गावची बरीच माणसं आली होती, व्हरांड्यातही उभी होती. चौकशी अधिकारी दुसऱ्या जिल्ह्यातून आले होते. वयस्कर, जाड चष्मा, कमी बोलणारे. कलियपेरुमाळ पहिल्या रांगेत बसले होते. मारिमुत्तू भिंतीशी उभा होता. त्याला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. आमच्या चित्रातल्या माणसापेक्षा तो बराच म्हातारा होता आणि एका पायाने किंचित लंगडत होता. आमचा माणूस तरुणासारखा चालायचा.

साहेबांची फिल्म लागली. खोलीत एक हुंकार उठला. व्हरांड्यातून कोणीतरी शिवी दिली. अधिकाऱ्यांनी हात वर करून गप्प बसवलं आणि फिल्म पुन्हा बघितली. मारिमुत्तू ताठ उभा राहून बघत होता. त्याचा टॉवेल खांद्यावरून हातात आला होता आणि तो त्याला पीळ देत होता.

अधिकाऱ्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, "हे तुमच्या सेंटरने केलं?"

"हो सार."

"हा माणूस पायऱ्यांपाशी थांबत नाही, असं कॉम्प्युटरने कशावरून काढलं?"

मला विचारलं गेलं होतं. मी सारांकडे बघितलं नाही.

"कॉम्प्युटरने ते काढलं नाही, सार. आम्ही त्याला चार जागा दिल्या. मधलं त्याने भरलं. तो नेहमी सरळ रेघ भरतो. माणूस थांबला असेल, वळला असेल, हे आम्ही सांगितलं तरच त्याला कळतं."

"म्हणजे?"

"त्याच चार जागांची दुसरी फिल्म आहे. दाखवू का?"

साहेब खुर्चीतून अर्धे उठले. अधिकाऱ्यांनी मान हलवली. मी फ्लॉपी घातली.

दुसऱ्या फिल्ममधला मारिमुत्तू पायऱ्यांच्या टोकाशी थांबला. खाली वाकला. तोंडाशी हात नेला. पायऱ्या रिकाम्या होत्या. तो चाकाकडे गेला आणि पाठमोरा झाला. मग हिरव्या दावणीतली मुलगी पायऱ्या उतरून आली आणि बसली. चाक फिरत होतं.

या वेळी हुंकार आला नाही.

"यातलं खरं कोणतं?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"मला माहीत नाही, सार. दोन्ही बनवायला सारखीच सोपी आहेत. दोन्हींत फक्त चार फ्रेम्स माणसांनी पाहिलेल्या आहेत. बाकीच्या कोणीही पाहिलेल्या नाहीत."

"त्या चारच दाखवता येतील?"

मी मधल्या फ्रेम्स काढून टाकल्या. ते काम अगदी सोपं असतं. स्क्रीनवर चार स्थिर चित्रं एकामागून एक आली. शेडच्या दारात एक माणूस. पायरीवर एक मुलगी. चाकाशी एक पाठ. पाण्यात एक माणूस. त्यांच्यामध्ये काळा पडदा.

कलियपेरुमाळ उभे राहिले.

"अम्मा," ते मला म्हणाले, "त्या दिवशी तुम्ही मला दाखवलंत. मी घरी जाऊन तिच्या आईला सांगितलं. असं असं झालं म्हणून सांगितलं. त्या रात्री ती पहिल्यांदा झोपली. आज तुम्ही म्हणता, ते झालंच नाही?"

"झालं नाही असं नाही, अय्या. झालं की नाही ते आम्हाला माहीत नाही."

"मग माझी मुलगी कशी गेली?"

खोलीत सगळे होते. खात्याची माणसं, गावची माणसं, अधिकारी, आम्ही. अंबुजाबाईंनी डोळ्यांना पदर लावला. कलियपेरुमाळ माझ्याकडे बघत उभे राहिले. मग शेजारच्या माणसाने त्यांना दंडाला धरून खाली बसवलं.

अधिकाऱ्यांनी दोन्ही फिल्म्स चौकशीतून बाजूला ठेवायला सांगितलं आणि साक्षी पुन्हा ऐकायला घेतल्या. आम्ही मशीन गुंडाळून परत आलो. व्हॅनमध्ये सार एकच वाक्य बोलले, "मॉनिटर नीट धरा."

निकाल काही आठवड्यांनी कळला. मारिमुत्तूने हयगय केली, हे सिद्ध झालं नाही. केली नाही, हेही सिद्ध झालं नाही. दार उघडण्याआधी घंटा वाजवावी आणि खालच्या बाजूच्या पायऱ्या बंद करून वरच्या बाजूला नव्या बांधाव्यात, असं अधिकाऱ्यांनी सुचवलं. पायऱ्या लगेच झाल्या. घंटा पुढच्या पाळीच्या आधी आली. मी ती एकदा ऐकली आहे. शाळेच्या घंटेसारखी आहे, लांबवर जाते.

इंजिनिअर साहेब पुन्हा आमच्या माडीवर आले नाहीत. शाळांची कामंही दुसऱ्या सेंटरला गेली. सारांनी मला त्याबद्दल कधी बोल लावला नाही, आणि शाबासकीही दिली नाही. बोर्ड मात्र रंगवायला काढला, तो परत लावताना त्यावर फक्त सेंटरचं नाव होतं.

कलियपेरुमाळ अंबुजाबाईंना एकदा तिरुवैयारूच्या बाजारात दिसले. या नमस्कार करायला पुढे गेल्या. त्यांनी ओळखलं आणि तोंड फिरवून ते दुसऱ्या बाजूने निघून गेले. अंबुजाबाई मला हे सांगताना म्हणाल्या, "रागावला असता तर बरं जालं असतं."

मारिमुत्तू मात्र आला. एका दुपारी जिना चढून आला, पायरीपायरीला थांबत. केळ्यांचा घड आणला होता. त्याची बदली दुसऱ्या भागात झाली होती. मला वाटलं, आभार मानायला आला असेल, म्हणून मी आधीच म्हटलं, "अय्या, मी तुमच्या बाजूने बोलले नाही. मला माहीत नाही, एवढंच बोलले."

"ठाऊक आहे, अम्मा," तो म्हणाला. "मी एक विचारायला आलोय. ती पहिली फिल्म पुसता येते का?"

"मशीनवरची केव्हाच पुसली."

"तसं नव्हे," तो म्हणाला. त्याने कपाळाला हात लावला. "मी रोज बघायचो. विहिरीत दोरी सोडावी तशी हाक टाकायचो. त्या दिवशीही टाकली, असंच मी सगळ्यांना सांगितलं, आणि ते सांगताना मला दिसत होतं. आता डोळे मिटले की तुमचा माणूस दिसतो. सरळ जाणारा. तो वळत नाही. मी त्याला वळवायला बघतो, तो वळत नाही. आता मी त्या दिवशी बघितलं की नाही, ते मलाच सांगता येत नाही."

अंबुजाबाईंनी त्याला दुसरी फिल्म दाखवू का, असं विचारलं. तो नको म्हणाला. पाणी प्यायला आणि गेला.

त्यानंतर मी बरीच वर्षं हेच काम केलं, आधी तंजावूरला, मग पुण्याला. मशीनं बदलली, पॅकेजं बदलली, मधल्या फ्रेम्स भरायची त्यांची हुशारी तर फारच वाढली. प्रत्येक बॅचला मी इन-बिट्वीनच्या आधी एक नियम शिकवला. खऱ्या घटनेची फिल्म करताना जी फ्रेम कोणी पाहिलेली नाही, तिच्यावर ठळक अक्षरांत 'अंदाज' असं लिहायचं. ग्राहक कुरकुर करतात. अक्षरांनी चित्र बिघडतं, म्हणतात. ते खरंच आहे. चित्र बिघडतं. तरी लिहायचं.